गाडी नवी, मग ब्रेक का वाजतात?

वाचकांचे प्रश्न आणि आमच्या वाहनतज्ज्ञांची उत्तरं

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी नवी हॅचबॅक घेतली, 1,400 किलोमीटर झाले आहेत. सकाळी गाडी काढली की पहिल्या दोन-तीन ब्रेकला 'खर्र' असा आवाज येतो, मग थांबतो. पावसात जास्त येतो. सर्व्हिस सेंटरवाले 'नॉर्मल आहे' म्हणतात. आम्हाला टोलवताहेत का? – एक वाचक, गोडोली, सातारा

नाही, ते बरोबर सांगताहेत. पुढच्या चाकांची ब्रेक डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी चकती, बिडाची असते आणि तिला रंग लावता येत नाही, कारण ब्रेक दाबल्यावर तिला दोन्ही बाजूंनी धरणारे पॅड तिथेच घासायचे असतात. साताऱ्याच्या पावसाळी हवेत गाडी रात्रभर उभी राहिली, की डिस्कवर गंजाचा पातळ थर चढतो. सकाळचे पहिले चार-पाच ब्रेक तो खरवडून काढतात. गाडी काढण्याआधी चाकाच्या फटीतून डिस्क पाहा. तांबूस दिसेल. एक चक्कर मारून पुन्हा पाहा. चकचकीत असेल तर काळजीचं कारण नाही.

गाडी आठवडाभर पावसात उभी राहिली तर मात्र गंज खोल जातो आणि पॅडच्या आकाराचा डाग उमटतो. दहा-पंधरा किलोमीटर चालवूनही आवाज किंवा पेडलला थरथर राहिली, तर डिस्क तपासून घ्या. गाडी धुतल्यावर लगेच उभी करू नका, एक फेरी मारून सात-आठ वेळा ब्रेक दाबून डिस्क कोरडी करा. ओल्या गाडीला रात्रभर हँडब्रेक ओढून ठेवला, तर मागच्या ड्रममधले शू (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे तुकडे) चिकटतात आणि सकाळी 'खट्' करून सुटतात. सपाट जागेवर पहिला गियर टाकून चाकाला दगड लावलेला चांगला. उतारावर मात्र हँडब्रेक हवाच.

प्रश्न : गाडी 3,000 किलोमीटर चालली आहे. सिग्नलजवळ हळू होताना हलका ब्रेक दाबला की 'चीऽऽ' असा कर्कश आवाज येतो. जोरात दाबला तर येत नाही. ओळखीचा मेकॅनिक म्हणतो, पॅड बदला. – एक वाचक, कऱ्हाड

पॅड आत्ताच बदलू नका. आवाजाचं मूळ कारण तसंच राहिलं तर नवे पॅडही काही दिवसांत वाजू लागतील.

हा आवाज झिजेचा नाही, कंपनाचा आहे. हलक्या दाबाखाली पॅड डिस्कला धरतो-सोडतो आणि दोन्ही मिळून सेकंदाला हजारो वेळा थरथरतात. दाब वाढला की पॅड घट्ट बसतो आणि कंपन थांबतं. झिजेची सूचना देणारी पत्र्याची पट्टी अनेक पॅडना असते, पण ती साधारण 2 ते 3 मिलिमीटर लायनिंग (पॅडचा घासणारा थर) उरल्यावर डिस्कला टेकते. नव्या पॅडचं लायनिंग बहुधा 10 मिलिमीटरच्या आसपास असतं, त्यामुळे 3,000 किलोमीटरला तो प्रश्न सहसा येत नाही.

नव्या गाडीत सर्वांत जास्त आढळणारं कारण म्हणजे पॅड आणि डिस्क एकमेकांवर नीट बसलेले नसणं. फक्त शहरात हळूहळू चालवलेल्या गाडीत पॅडचा पृष्ठभाग गुळगुळीत, काचेसारखा होतो. म्हणून आधी बिनखर्चाचा उपाय करा. पहाटे सरळ, मोकळा रस्ता निवडा, मागे कुणी नाही याची खात्री करा आणि ताशी 60 वरून 15 पर्यंत मध्यम दाबाने वेग कमी करा. पूर्ण थांबू नका, चाकं लॉक होतील इतकं दाबू नका. अर्धा मिनिट चालवत डिस्क गार होऊ द्या. असं आठ ते दहा वेळा. शेवटी चार-पाच किलोमीटर ब्रेकला शक्यतो हात न लावता चालवा. गरम डिस्कवर पेडल दाबून उभं राहिलात तर पॅडचा थर एकाच जागी चिकटतो.

एवढ्याने आवाज गेला नाही, तर कॅलिपर, म्हणजे पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग, उघडावा लागेल. वॉरंटीत हे काम अधिकृत ठिकाणीच करून घ्या, पण काय करायला हवं ते माहीत असू द्या. कॅलिपर काढला की तारेने टांगायचा, ब्रेकच्या नळीवर लोंबकळू द्यायचा नाही. आतला आणि बाहेरचा पॅड मोजायचा. दोन्हींत 2 मिलिमीटरहून जास्त फरक असेल, तर कॅलिपर ज्यावर सरकतो त्या पिना अडकताहेत. पिना पुसून कोरड्या करून त्यांना सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस पातळ लावायचं. साधं चेसिस ग्रीस लावलं तर रबरी बूट फुगतो आणि पिन आणखी अडकते. पॅडचे कान बसतात त्या खाचा तारेच्या ब्रशने साफ करायच्या. पॅडमागची पातळ शिम जागेवर आहे का, वाकली आहे का, हे आवर्जून पाहायचं, कारण कंपन शोषणारी वस्तू तीच. पॅडच्या पाठीला आणि कानांना उष्णता सोसणारं ग्रीस नखभर पुरे. घासणाऱ्या बाजूला ग्रीस, तेल किंवा गंज सोडवायचा स्प्रे चुकूनही लागता कामा नये. तेल शोषलेला पॅड टाकूनच द्यावा लागतो.

चकचकीत पॅड सपाट जागी ठेवलेल्या 100 नंबरच्या पॉलिश पेपरवर हलका घासला तरी पुरतो. मास्क लावा, आणि ब्रेकची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू देऊ नका. ती छातीत जाते. ब्रेक क्लीनर वापरा. सगळं बसवल्यावर गाडी हलवण्यापूर्वी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबत राहायचं. हे विसरलं तर पहिला ब्रेक रिकामा जातो.

जॉब कार्डवर नुसतं 'ब्रेक नॉइज' लिहू देऊ नका. कोणत्या वेगाला, गार की गरम असताना, पुढे जाताना की मागे, कोणत्या चाकाकडून, हे लिहून घ्या आणि मेकॅनिकला शेजारी बसवून आवाज ऐकवा. या मॉडेलसाठी बदललेले पॅड किंवा शिम कंपनीने काढले आहेत का, हेही विचारा.

प्रश्न : शेताच्या कच्च्या रस्त्यावरून आल्यापासून डाव्या पुढच्या चाकातून पत्रा घासल्यासारखा आवाज येतो, ब्रेक न दाबताही. – एक वाचक, कोरेगाव

डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्याच्या ढालीमध्ये खडा अडकला असण्याची शक्यता मोठी आहे. मोकळ्या जागेत स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवत पाच-दहा मीटर मागे-पुढे करा, बऱ्याचदा पडून जातो. नाहीच पडला तर चाक काढून खडा काढायचा आणि ढाल हाताने मागे वाकवून डिस्कपासून थोडी फट ठेवायची. पंक्चर काढताना हीच ढाल वाकते, तेव्हाही असाच आवाज येतो. चाक बसवताना नट समोरासमोर आवळा आणि टॉर्क (आवळण्याचा जोर) पुस्तिकेत दिलाय तेवढाच ठेवा. कमी-जास्त आवळल्याने डिस्क वाकडी बसते. ब्रेक दाबल्यावरच घरघर होत असेल आणि डिस्कवर नखाला लागतील असे ओरखडे असतील, तर गाडी चालवू नका.

प्रश्न : पाचगणीहून पसरणी घाटाने उतरल्यावर जळका वास आला. तेव्हापासून ब्रेक वाजतात आणि 80 च्या वेगाला ब्रेक दाबला की स्टिअरिंग हलतं. – एक वाचक, वाई

पाचगणी ते वाई हा उतार उंचीत साधारण 600 मीटरचा आहे. माणसांसह 1,300 किलोची गाडी तेवढी खाली आली, की सुमारे 76 लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. एवढ्या उष्णतेत वीस लिटरहून जास्त पाणी उकळेल. इंजिनने वाटा उचलला नाही, तर तिच्यातली बरीचशी ब्रेकवर येते. पॅडमधली राळ जळते, पृष्ठभाग काचेसारखा होतो आणि त्याचा थर डिस्कवर ठिकठिकाणी चिकटतो. स्टिअरिंग हलतं ते त्यामुळे, किंवा डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिली नाही म्हणून. डायल गेजने डिस्कचा डगमग मोजून घ्या. बहुतेक गाड्यांत मर्यादा 0.1 मिलिमीटरच्या आत असते. डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीच्या खाली ती कधीही घासून घेऊ नका.

ब्रेक ऑइलही तपासा. ते हवेतली ओल शोषतं. डॉट 3 प्रकारच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश असतो, ओल शिरली की 140 पर्यंत उतरू शकतो. मग घाटात वाफ धरते आणि पेडल तळाला जातं. दर दोन वर्षांनी ऑइल बदला.

पुढच्या वेळी चढायला लागेल तोच गियर उतरताना वापरा, बहुधा दुसरा. ऑटोमॅटिक असेल तर 'एल' किंवा मॅन्युअल मोड. ब्रेक सतत चोळू नका. नीट दाबून वेग उतरवा आणि पूर्ण सोडा. वास आलाच तर रुंद जागी थांबा, चाकाला दगड लावा, हँडब्रेक टाळा आणि अर्धा तास गार होऊ द्या. डिस्कवर पाणी ओतू नका, तडा जाऊ शकतो.

प्रश्न : नवी ऑटोमॅटिक गाडी. पोवई नाक्यावरच्या गर्दीत ब्रेक हळूच सोडला की 'घुर्र' असा आवाज येतो. – एक वाचक, सातारा

इंजिन गाडी पुढे रेटत असतं आणि पॅड अर्धवट धरून असतो, त्या ओढाताणीचा हा आवाज. ब्रेक एकदम सोडा किंवा पक्का दाबा, तो जाईल. सुरू केल्यावर पहिल्या काही मीटरात एकदाच येणारा बारीक 'घर्र' वेगळा. अनेक गाड्यांत एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) स्वतःला तपासतं, तेव्हा तो येतो. मीटरवरचा एबीएसचा दिवा विझत नसेल तरच गाडी दाखवायला न्या.