अंगावर १९५८, पण बाहुली १९९४ ची

प्रश्न : चार महिन्यांपूर्वी 'बार्बीची १९५९ ची मूळ बाहुली, भुवयांत दुर्मीळ फरक' अशी ऑनलाइन जाहिरात वाचून मी एकाकडून खोक्याशिवायची बाहुली घेतली. ती १९९४ ची, पस्तिसाव्या वर्षानिमित्त काढलेली प्रतिकृती निघाली. तिच्या पावलांना भोकं नाहीत. विक्रेता म्हणतो, "अंगावर १९५८ कोरलंय, मी काही तज्ज्ञ नाही, आणि 'आहे तशी, परत घेणार नाही' हे आधीच लिहिलं होतं." पैसे परत मिळतील का? नाहीतर मीही ती 'दुर्मीळ' म्हणून विकू का?

उत्तर : 'आहे तशी' या शब्दांना घाबरू नका. डाग, विस्कटलेले केस, हरवलेला बूट एवढंच त्यात झाकलं जातं. बाहुली कोणती, हा प्रश्न त्यात बसत नाही. वर्णनावरून विकलेली वस्तू वर्णनाशी जुळलीच पाहिजे, असं मालविक्री कायदा १९३० चं कलम १५ सांगतं.

१९५८ चा बचावही लंगडा आहे. अंगावरचं साल बहुधा साच्याच्या हक्काचं (कॉपीराइटचं) असतं, बाहुली बनल्याचं नव्हे. १९६६ कोरलेली धडं नव्वदच्या दशकातही विकली जात होती, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता.

आणि नेमकी तिथेच तुमची अडचण आहे. व्यवहाराआधीचे जे संदेश तुम्ही पाठवलेत, त्यात एक वाक्य आहे : "पंधरा वर्षं जमवतेय, भुवया बघूनच ओळखलं." समोरचा वकील हेच वाक्य आधी वाचून दाखवील. इंग्लंडमध्ये गाब्रिएले म्युंटर या चित्रकर्तीचं म्हणून विकलेलं चित्र नकली निघालं, तरी खरेदीदार हरला. विक्रेत्याने 'मला यातलं कळत नाही' असं सांगितलं होतं आणि जाणकार खरेदीदार स्वतःच्या नजरेवर विसंबला होता. तुमच्या विक्रेत्याने मात्र 'तज्ज्ञ नाही' हे पैसे घेतल्यानंतर म्हटलं. हा फरक मोठा आहे. जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि संदेशांच्या तारखा आजच जपून ठेवा.

विक्रेत्याला पाठवायच्या नोटिशीत भोकांवर सगळी भिस्त ठेवू नका. स्टँडच्या खुंट्यांसाठी तळव्यात भोकं आणि आत तांब्याच्या नळ्या मूळ बाहुल्यांच्या पहिल्या खेपेलाच होत्या. दुसऱ्या खेपेत त्या गेल्या, पण तीही १९५९ चीच. म्हणजे तुमचा हा पुरावा उलट त्यालाच वाट करून देईल. मूळ बाहुल्या जपानमध्ये बनत. म्हणून तुमची कुठे बनली ते कळावं यासाठी डोक्यावरचे आणि अंगावरचे सगळे ठसे जवळून टिपा आणि एखाद्या त्रयस्थ जाणकाराचं लेखी मत घ्या. तुमचं स्वतःचं मत इथे चालणार नाही, ते कितीही बरोबर असलं तरी.

उशीर ही दुसरी गोष्ट. जॉन कॉन्स्टेबल या इंग्रज चित्रकाराचं म्हणून घेतलेलं चित्र पाच वर्षांनी परत करायला निघालेल्याला १९५० मध्ये तिथल्याच न्यायालयाने परत पाठवलं. आपल्याकडे कलम ४२ प्रमाणे वाजवी मुदत उलटेपर्यंत काही न कळवता माल ठेवून घेतला, तर तो स्वीकारला असं धरतात. मग सहसा वस्तू परत करता येत नाही, फक्त नुकसानभरपाई मागता येते. चार महिने काठावरचे आहेत. या आठवड्यात लेखी कळवा आणि तोवर तिचे केस विंचरू नका, पोहण्याचा पोशाख बदलू नका.

विक्रेता हा नेहमीचा धंदा करत असेल, तर ग्राहक आयोगाकडे जा. तिथे दोन वर्षांची मुदत आहे. घरातली एखादी वस्तू काढणारा असेल, तर दिवाणी न्यायालय गाठावं लागेल.

पुढे विकण्याचं विचारलंत. त्याच वर्णनाने विकलीत, तर त्याची ती कदाचित चूक असेल, तुमची फसवणूक ठरेल, कारण तुम्हाला आता माहीत आहे. १९९४ ची प्रतिकृती म्हणून, भुवया गोल की टोकदार ते सांगून विकायला हरकत नाही. पण विकलीत की परत करायला हाती काही उरणार नाही, म्हणून नोटिशीचं उत्तर येईपर्यंत थांबा.