वायूची घनता मोजायला गॅस सॅम्पलिंग ट्यूब घ्यावी की डेन्सिटी बल्ब?

तुम्ही लिहिलंय की टीवायचा, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाचा प्रोजेक्ट आहे, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात घरची काजूची भट्टी आहे आणि आंबणाऱ्या रसातून निघणारा वायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, पकडून त्याची घनता काढायची आहे. काचसामानाच्या यादीत ही दोन नावं दिसली. दोन्हींना दोन कॉक (वायू अडवायच्या तोट्या), दोन्ही अडीचशे मिलीचे, मग किमतीत एवढा फरक कसा, हा तुमचा प्रश्न.

मी फोंड्याकडे एका कॉलेजात चोवीस वर्षं लॅब असिस्टंट होतो. ही दोन्ही भांडी धुतली, ग्रीस लावली, आणि एकेक फोडलीही. माझं मत विचाराल तर डेन्सिटी बल्ब घ्या, किंवा विकत न घेता कॉलेजच्या कपाटात शोधा. जुन्या कॉलेजांत एखादा कापसात गुंडाळलेला सापडतोच.

सॅम्पलिंग ट्यूब म्हणजे लाटण्यासारखी लांबट नळी, दोन्ही टोकांना स्टॉपकॉक. काहींना मधे रबरी बूच असलेलं तोंड असतं, त्यातून सिरिंजने थोडा वायू काढून गॅस क्रोमॅटोग्राफला (वायूतले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या यंत्राला) देता येतो. तिचं काम हमालाचं: भट्टीवरून वायू उचलायचा आणि लॅबपर्यंत न गळता आणायचा. तिचं वजन करायचंच नसतं, त्यामुळे काच जाड असली, कॉक बोजड असले तरी बिघडत नाही. डेन्सिटी बल्ब तोलायसाठीच घडवलेला असतो. पातळ काच, हलके कॉक, आणि आकार गोल, कारण त्यातली हवा पंपाने काढून घेतात. एक लिटरच्या गोळ्यावर आत निर्वात असताना बाहेरून सगळीकडून मिळून सुमारे पाचशे किलोचा भार येतो. गोल भांडं तो सारखा वाटून घेतं. सपाट बुडाचा फ्लास्क पंपाला लावून बघायचा मोह झालाच, तर तो तिथेच आवरा. बल्बलाही पंप लावण्याआधी चिकटपट्टी गुंडाळा आणि गॉगल घाला.

पण तुम्हाला हवा काढायचा पंप लागणारच नाही, आणि लॅबमधला नळाला लावायचा पाण्याचा पंप तर नकोच. तो पाण्याच्या बाष्पदाबाखाली, म्हणजे पाण्याच्या वाफेच्या स्वतःच्या दाबाखाली, जाऊ शकत नाही. आपल्याकडे पाणी ३० अंशांचं, त्याचा बाष्पदाब पाऱ्याच्या ३२ मिलिमीटरच्या आसपास, आणि बाहेरच्या हवेचा दाब साधारण ७५६. म्हणजे पंप कितीही वेळ चालवा, बल्बात चार टक्के काहीतरी उरणारच.

त्यापेक्षा एकच बल्ब तीनदा तोला: कोरडी हवा भरून, तुमचा वायू भरून आणि पाणी भरून. वायूच्या वजनातून हवेचं वजन वजा करा, बल्बच्या आकारमानाने भागा आणि त्यात कोरड्या हवेची घनता मिळवा. झाली वायूची घनता. कोरड्या हवेची घनता तक्त्यात मिळते. ३० अंशांना आणि ७५६ मिलिमीटर दाबाला ती लिटरला १.१५८ ग्रॅम येते. पाण्याच्या वजनातून आकारमान निघतं. इथे एक गंमत होते. पाणी भरलेला बल्ब साडेतीनशे ग्रॅमच्या पुढे जातो आणि चार दशांशांचा तराजू साधारण दोनशे ग्रॅमलाच हात टेकतो. मुलं घाबरून विचारायला येतात. घाबरू नका, हे एक वजन दोन दशांशांच्या साध्या तराजूवर करा. आकारमानात ०.१ मिलीची चूक झाली तरी तुमच्या उत्तराला ती जाणवणार नाही.

आता खरी गोष्ट. गोव्यात या प्रयोगाचा शत्रू काच नाही, दमट हवा आहे.

एका जुलैत दोन मुलींनी किप्सच्या उपकरणातून (वायू तयार करायच्या काचेच्या भांड्यातून) संगमरवर आणि ॲसिड वापरून कार्बन डायऑक्साइड काढला, पाण्यातून धुतला, कॅल्शियम क्लोराइडच्या नळीतून सुकवला आणि बल्बात भरला. बल्ब होता २५८.४ मिलीचा. कोरड्या हवेपेक्षा वजन ०.१५५५ ग्रॅमने वाढायला हवं होतं, वाढलं ०.१४४२. रेणुभार ४४ ऐवजी ४२.९. सरांनी तराजूला दोष दिला, मी कॉकच्या ग्रीसला दिला, आणि दोन दिवस आम्ही एकमेकांकडे बघत बसलो. तिसऱ्या दिवशी मी सुकवणीची नळी काढून उजेडात धरली. आतल्या खड्यांची भिजून ढेप झाली होती आणि ढेप व काच यांच्यामधल्या फटीतून वायू आरामात ओला निघून जात होता. ३० अंशांना बाष्पाने भरलेल्या कार्बन डायऑक्साइडचं गणित मांडलं तर रेणुभार बरोबर ४२.९ येतो. तराजू बिचारा खरं सांगत होता.

तो फरक होता अकरा मिलिग्रॅमचा. योगायोग असा की याच मापाच्या फरकाने एकदा नवं मूलद्रव्य दिलं होतं. लॉर्ड रॅले या इंग्रज शास्त्रज्ञाने एकाच गोळ्यात दोन प्रकारचा नायट्रोजन तोलला. हवेतून ऑक्सिजन काढून उरलेला भरला २.३१०२ ग्रॅम, रसायनांपासून बनवलेला २.२९९० ग्रॅम. तोही अकरा मिलिग्रॅमच. त्याने तो झटकून टाकला नाही. १८९४ मध्ये त्याने आणि विल्यम रॅमसेने त्यातून आर्गॉन बाहेर काढला आणि १९०४ मध्ये दोघांना नोबेल मिळालं, एकाला भौतिकशास्त्राचं, दुसऱ्याला रसायनाचं. हा माणूस किती काटेकोर बघा: हवा काढलेला गोळा बाहेरच्या दाबाने किंचित आक्रसतो, तेवढीही दुरुस्ती तो धरत असे. आमच्या अकरा मिलिग्रॅममधून फक्त पाणी निघालं.

तुमच्या रसातला वायू किप्सच्या वायूसारखाच ओला असणार, कारण तो पाण्यातूनच वर येतो. म्हणून कॅल्शियम क्लोराइडच्या दोन नळ्या एकामागोमाग लावा, खडे ताजे घ्या, दोन्ही टोकांना कापूस. या मिठाची बरणी उघडी राहिली तर पावसात संध्याकाळपर्यंत तळाला पाणी दिसतं, तेव्हा झाकण लगेच लावा. रसात अल्कोहोल तयार होतं त्याची वाफ आली तर? तिचा रेणुभार ४६, म्हणजे ४४ च्या शेजारीच. थोडीशी आली तरी घनतेत तुम्हाला दिसणार नाही. पहिल्या वजनासाठीची हवासुद्धा त्याच नळ्यांतून न्या. माशांच्या टाकीचा छोटा पंप त्याला पुरतो. लॅबची पावसाळी हवा तशीच भरलीत तर तिथेच चारेक मिलिग्रॅम चुकतील.

वायू पाण्यावर गोळा करू नका, तो पाण्यात विरघळतो. बल्ब उभा धरून खालच्या कॉकने आत सोडा आणि वरच्याने हवा बाहेर जाऊ द्या. वायू जड असल्याने हवेला खालून ढकलत जातो. बल्बच्या तिप्पट वायू सोडला आणि तो हवेत पूर्ण मिसळत गेला असं धरलं तरी पाच टक्के हवा उरते, सातपट सोडला तर हजारात एक भाग. म्हणून कंजुषी नको. रसात शंभर ग्रॅम साखर असेल आणि ती पूर्ण आंबली तर पंचवीस लिटरहून जास्त वायू निघतो, तुमच्याकडे तो वाया घालवण्याइतका आहे. रसाच्या भांड्याला मात्र कधीही घट्ट बूच मारू नका, वायूला वाट हवीच. भरून झाल्यावर आधी खालचा कॉक बंद करा, क्षणभर थांबा, मग वरचा. नाहीतर आत दाब अडकून राहतो.

तोलताना दोन गोष्टी. बल्ब स्वच्छ ओलसर सुती कापडाने पुसा आणि तराजूजवळ अर्धा तास ठेवा. कोरड्या कापडाने घासलात तर काचेवर वीज साठते आणि आकडा नाचत राहतो. दुसरी गोष्ट एसीची. बल्ब स्वतः हवेत तरंगत असतो म्हणा ना, त्याने बाजूला सारलेली हवा ०.३६ ग्रॅमची. एका वजनाला खोली २६ अंश आणि दुसऱ्याला ३० असेल, तर तेवढ्यानेच पावणेपाच मिलिग्रॅम इकडेतिकडे होतात. रेन्यो नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने यावर एकोणिसाव्या शतकातच युक्ती काढली: त्याच आकारमानाचा दुसरा बंद गोळा तराजूच्या दुसऱ्या पारड्याला टांगायचा, म्हणजे हवा दोघांना सारखीच उचलते. आपल्या तराजूला दुसरं पारडं नाही. मग तसाच एक बंद बल्ब दर वेळी आधी तोला आणि फरक घ्या. दुसरा बल्ब नसेल तर तिन्ही वजनं एकाच सकाळी, एसी बंद ठेवून उरका.

बाकी गणित तुमच्या सरांना येतंच.

हो, एक राहिलं. काचेचा कॉक असेल तर त्याची किल्ली, म्हणजे फिरवायचा भाग, त्याच बल्बात घासून बसवलेली असते, दुसऱ्या बल्बची घातली तर गळणारच. बहुतेक वेळा दोन्हींवर एकच नंबर कोरलेला असतो, तो आधी जुळवून बघा. ग्रीस पातळ लावा आणि तिन्ही वजनं होईपर्यंत पुन्हा लावू नका. काम झाल्यावर किल्ली काढून, ग्रीस पुसून, कागदाची पट्टी मधे घालून ठेवा. आमच्याकडचा एक बल्ब असाच ग्रीससकट कपाटात राहिला होता. चवथीच्या सुट्टीनंतर उघडायला गेलो, तर कॉक जाम. गरम पाण्याची धार धरली, हलकेच ठोकलं, आणि किल्ली निघाली ती अर्धी माझ्या हातात.