माझ्या जावयाचे खापरपणजोबा इंग्लंडमध्ये डरहॅमला कोळशाच्या खाणीत होते, त्यांच्या घराण्याची माहिती कशी काढायची?

तुम्ही लिहिलंय की नाव फारच कॉमन आहे, सर्च केलं की त्याच नावाचे ढीगभर लोक येतात आणि नातवासाठी वंशावळ करायचीय. माझं सासर संडरलंडजवळचं, मागच्या सगळ्या पिढ्या खाणीतल्याच, त्यामुळे हा उद्योग मी करून बसलेय. सरळ सांगते, त्या माणसाचं नाव शोधत बसू नका, त्याची पोरं कुठे कुठे जन्मली ते बघा.

कारण तिकडच्या खाणकामगाराला गाव असं नव्हतंच. मालकाशी वर्षाचा करार, त्याला बाँड म्हणायचे, लिहिता न येणारे फुली मारायचे, आणि राहायचं घरही खाणमालकाचंच, म्हणजे करार संपला किंवा वाजलं की बिऱ्हाड पाठीवर. १८४४ च्या संपात तर कुटुंबंच्या कुटुंबं सामानासकट घराबाहेर काढली. हा बाँड शेवटी १८७२ ला बंद झाला. आपल्या कुलवृत्तांतात कसं मूळ गाव, कुलदैवत सगळं एका जागी मिळतं, तसं इथे काही मिळणार नाही.

पण हीच वणवण आपल्या कामाची. १८५१ च्या जनगणनेपासून प्रत्येकाच्या नावापुढे जन्मगाव आणि कुटुंबप्रमुखाशी नातं लिहिलेलं असतं. आमच्या पानावर थोरला हेटनचा, मधली थॉर्नलीची, तिच्या पाठचा हॅसवेलचा आणि तान्हं मर्टनचं. नवरा-बायकोची नावं शंभर घरांत जुळतील हो, पण पोरांची ही रांग जुळणारं दुसरं घर सापडणं मुश्किल, मग तीच रांग घेऊन १८६१, १८७१ मध्ये शोधायचं. सुरुवात १८४१ पासून मात्र नको, त्यात जन्म याच काउंटीतला (म्हणजे जिल्ह्यातला) का एवढंच विचारलंय आणि मोठ्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणलीयत.

धंद्याचा कॉलमही नीट वाचा. ह्यूअर म्हणजे कोळसा फोडणारा, पुटर म्हणजे भरलेली टबं ढकलणारा, आणि ट्रॅपर म्हणजे काळोखात एकटं बसून हवेसाठीचं दार उघडझाप करणारं पोर. १८४२ च्या कायद्याने बायकांना आणि १० वर्षांखालच्या मुलांना खाली उतरायला बंदी झाली, म्हणजे १८५१ मध्ये दहा वर्षांचा ट्रॅपर दिसला तर तो कायदेशीर बरं का!

दोन जनगणनांच्या मध्ये बाप गायब आणि बायको विधवा दिसली तर डरहॅम मायनिंग म्युझियमच्या साइटवर जा, खाणीत मेलेल्यांची नावं तिथे फुकट बघता येतात. शेजारच्या नॉर्थम्बरलंडमधलंही बघा, लोक इकडून तिकडे जायचेच. तिथे हार्टलीला जानेवारी १८६२ मध्ये पंपाच्या इंजिनाचा बीम तुटून खाणीच्या एकुलत्या एक शाफ्टमध्ये, म्हणजे खाली उतरायच्या उभ्या विहिरीत, पडला, वर यायला दुसरी वाटच नाही, २०४ जण गेले, बाप-लेक एकत्र असलेली घरं त्यात कितीतरी. दोन वाटा हव्यातच हा कायदा त्यानंतर आला. अपघाती मृत्यू असेल तर डेथ सर्टिफिकेटवर माहिती देणारा म्हणून कोरोनर, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी, असतो, ती तारीख धरून तिथले लोकल पेपर चाळा.

बाप्तिस्मा चर्चच्या रजिस्टरमध्ये नसेल तर मेथडिस्ट, म्हणजे इंग्लंडच्या मुख्य चर्चपासून वेगळ्या झालेल्या पंथाच्या, चॅपलची (प्रार्थनाघराची) रजिस्टरं बघा, खाणवाले बरेचसे तिकडचे.

सर्टिफिकेटला पैसे लागतात, म्हणून आधी फक्त एकच मागवा, लग्नाचं. त्यावर दोघांच्या वडिलांचं नाव आणि धंदा असतो, एका दमात अजून एक पिढी मिळते. थोरल्या मुलाचं जन्मगाव सापडलं तर इथे टाका, आजूबाजूची गावं सांगते.