बाहुलीघराच्या किटची बाहेरची बाजू कशी पूर्ण करावी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: नातेवाइकांनी अमेरिकेहून आणलेल्या १:१२ प्रमाणाच्या, व्हिक्टोरियन धाटणीच्या बाहुलीघराचा प्लायवूडचा सांगाडा उभा झाला आहे, आता बाहेरून सरळ रंग द्यावा, विटांचा छापील कागद चिकटवावा, की किटबरोबर आलेल्या लाकडी पट्ट्या आणि छपराच्या चकत्या, म्हणजे कौलांसारखे पातळ लाकडी तुकडे, लावावेत, आणि लावायच्या तर कोणत्या क्रमाने. मी पुण्यात राहतो आणि आजवर अशी तीन घरे पूर्ण केली आहेत. त्यांपैकी पहिले आधी बिघडवले आणि मग पूर्ण केले. माझे उत्तर असे की पट्ट्या आणि चकत्याच लावाव्यात, आणि प्रत्येक टप्प्यावर स्वतःला विचारावे की या घरावर पाऊस पडला, तर पाणी कोठे जाईल.

बाहुलीघरावर पाऊस पडणार नाही, हे उघडच आहे. परंतु खऱ्या घराच्या बाहेरील बहुतेक गोष्टी पाण्याला वाट काढून देण्यासाठीच तशा घडवलेल्या असतात: वरची फळी खालच्या फळीवर चढलेली असते, कौल कौलावर चढलेले असते, खिडकीखालची पट्टी बाहेरच्या बाजूला उतरती असते, वळचण भिंतीच्या पुढे आलेली असते. आपल्या डोळ्यांना हा क्रम लहानपणापासून ठाऊक असतो, त्यामुळे तो चुकला की नेमके काय खटकते हे सांगता आले नाही तरी घर खोटे दिसू लागते. म्हणून नुसता रंग देण्याचा पर्याय मी बाद करतो. सपाट प्लायवूडवर कितीही सुंदर रंग दिला, तरी भिंतीवर सावली पडत नाही, आणि एवढ्याशा घरात जिवंतपणा येतो तो त्या बारीक आडव्या सावल्यांमुळेच.

कल्पनेतल्या पाण्याआधी खऱ्या पाण्याचा बंदोबस्त करावा लागतो. अशा किटमधील प्लायवूड साधारण ३ मिलिमीटर जाडीचे असते आणि आपल्याकडच्या दमट हवेत ते सहज वाकते. पाण्यात मिसळलेला रंग एकाच बाजूला लावला, तर ती बाजू वाळताना आक्रसते आणि फळी त्या बाजूकडे ओढली जाऊन द्रोणासारखी खोल होते. माझ्या पहिल्या घराचे छप्पर मी जुलै महिन्यात, केवळ बाहेरून, दोन हात देऊन रंगवले होते. चार दिवसांनी आढ्यापाशी दोन्ही पाख्यांमध्ये बोट जाईल एवढी फट पडली होती. तेव्हापासून मी कोणतीही फळी दोन्ही बाजूंनी आणि चारही कडांनी अस्तर दिल्याशिवाय वापरत नाही. अस्तरासाठी लाकडाचा तैलप्रायमर चालतो. मला स्वतःला स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, म्हणजे फर्निचरवाले वापरतात ते पॉलिश, अधिक आवडते, कारण ते लवकर वाळते आणि त्याने लाकडाचे तंतू फारसे उभे राहत नाहीत. आपला सांगाडा आधीच जोडला गेला असल्याने आतल्या भिंतींनाही आत्ताच एक हात द्यावा, मग पुढे आत वॉलपेपर लावायचा असला तरी चालेल.

अस्तर वाळले की भिंतींवरून तळहात फिरवावा. किटचे भाग एकमेकांत अडकवण्यासाठी जी चौकोनी टोके असतात, ती खाचांमधून केसभर बाहेर आलेली असतात आणि नुसत्या नजरेला ती दिसत नाहीत; पट्टी लावल्यावर मात्र तेथे फुगवटा येतो. ती पॉलिश पेपरने घासून भिंतीच्या पातळीत आणावीत, फटींत लांबी, म्हणजे लाकडाची पुट्टी, भरावी. दारावर दिवा हवा असेल, तर त्याच्या तारेचे भोकही आत्ताच पाडावे. हे दिवे सामान्यतः १२ व्होल्टचे असल्याने तार बारीक असते आणि पट्ट्यांखाली सहज दडते.

यानंतर बहुतेक जण पट्ट्या लावायला घेतात. मी आधी खिडक्यांच्या चौकटी लावतो, आणि याचे कारण जरा सविस्तर सांगतो, कारण किटच्या सूचनापत्रिकेत याविषयी क्वचितच काही लिहिलेले असते. किटमधील चौकटीची पट्टी सुमारे दीड मिलिमीटर जाड असते. एकमेकींवर चढवलेल्या भिंतीच्या पट्ट्यांची जाडी जेथे सर्वाधिक असते तेथे ती दोन मिलिमीटरच्या वर जाते. चौकट थेट प्लायवूडवर चिकटवली, तर ती भिंतीपेक्षा खोल बसते, आणि आपल्या कल्पनेतल्या पावसाचे पाणी भिंतीवरून ओघळून सरळ चौकटीच्या मागे शिरते. खऱ्या घरात चौकट भिंतीपेक्षा किंचित पुढे असते आणि फळ्या तिच्या कडेला येऊन थांबतात. म्हणून चौकटीखाली तिच्याच आकाराची, पण कडेने दिसणार नाही अशी थोडी अरुंद पट्टी आधी चिकटवावी आणि तिच्यावर चौकट बसवावी. आइसक्रीमच्या काड्या या कामासाठी उत्तम. तावदाने मात्र सर्व रंगकाम संपल्यावरच बसवावीत.

घराच्या बाहेरील कोपऱ्यांवर उभ्या पट्ट्याही याच वेळी लावाव्यात. दोन पट्ट्या काटकोनात जोडताना एकीची कड दुसरीच्या रुंदीत मिळते, त्यामुळे दोन्ही सारख्या रुंदीच्या घेतल्या तर कोपरा एका बाजूने रुंद दिसतो. पट्टी २ मिलिमीटर जाड असेल, तर एक १० मिलिमीटर रुंद आणि दुसरी ८ मिलिमीटर रुंद घ्यावी. जोडल्यावर दोन्ही बाजू १० मिलिमीटरच्या दिसतात.

आता भिंतीच्या आडव्या पट्ट्या. १:१२ म्हणजे खऱ्या घराच्या एका फुटाला बाहुलीघराचा एक इंच. जुन्या अमेरिकन घरांत प्रत्येक फळीचा सुमारे ४ ते साडेचार इंच भाग उघडा दिसत असे. म्हणजे आपल्या घरात ओळ साडेआठ ते साडेनऊ मिलिमीटरची हवी. समजा भिंतीची उंची २४८ मिलिमीटर आहे. ९ मिलिमीटरच्या ओळी घेतल्या तर सत्तावीस ओळींनंतर वर ५ मिलिमीटरची केविलवाणी चीर उरते. त्याऐवजी अठ्ठावीस ओळी धराव्यात, म्हणजे प्रत्येक ओळ सुमारे ८.९ मिलिमीटरची होते आणि हा फरक कोणाच्याही लक्षात येत नाही. या खुणा एका सरळ काठीवर एकदाच करून घ्याव्यात आणि तीच काठी घराभोवती फिरवत प्रत्येक कोपऱ्यावर व प्रत्येक खिडकीशेजारी खुणा उतरवाव्यात. फुटपट्टीने प्रत्येक भिंत वेगळी मोजली, तर घराला वळसा घालून येईपर्यंत अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरच्या चुका साठत जातात आणि शेवटच्या कोपऱ्यावर ओळी एकमेकींना भेटत नाहीत. मोजणी घराच्या पायापासूनच करावी, मधल्या मजल्याच्या खाचेवर विसंबू नये; ती खाच सरळच असेल याची खात्री नसते.

सुरुवात खालून करावी. पहिल्या पट्टीच्या खाली एक अगदी बारीक चीप आडवी लावावी, म्हणजे पहिली ओळही वरच्या ओळींसारखी पुढे झुकलेली राहते. खिडक्यांच्या आसपास पट्टीचे टोक कापताना ते आधी किंचित मोठे कापून मग पॉलिश पेपरने जुळवावे. गोंद म्हणून सुतारकामाचा पांढरा गोंद येथे चालतो, मात्र तो पातळ आणि मोजकाच लावावा, आणि एका बैठकीत पाच-सहा ओळींहून अधिक लावू नयेत. लाकडाचा मूळ रंग ठेवायचा असेल, तर पट्ट्यांना रंगछटा चिकटवण्यापूर्वीच द्यावी. गोंदाचा डाग पडलेल्या जागी नंतर ती छटा धरत नाही आणि तो फिकट ठिपका कायमचा राहतो.

छपराकडे येण्यापूर्वी माझी दुसरी चूक सांगतो. छपराच्या देवदाराच्या चकत्या मी पहिल्या घराला त्याच पांढऱ्या गोंदाने लावल्या. संध्याकाळी त्या बऱ्या दिसत होत्या. सकाळी उठून पाहतो तर सगळ्या उन्हात घातलेल्या पापडांसारख्या कडांनी वर वळलेल्या. गोंदातले पाणी चकतीच्या खालच्या बाजूने शोषले जाते, ती बाजू फुगते, आणि एवढ्या पातळ लाकडाला वाकण्यावाचून दुसरा मार्ग उरत नाही. त्यामुळे चकत्यांसाठी पाणी नसलेला गोंदच हवा. चपला-बूट जोडायला वापरतात तो पिवळसर रबरी गोंद चांगला. पट्टी ओढल्यासारखा छपरावर पातळ थर द्यावा, चकतीच्या वरच्या अर्ध्या भागालाही थोडा लावावा, दोन्ही चिकट होईपर्यंत थांबावे आणि मग बसवावी. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, कारण त्याचा वास डोक्यात जातो. गोंदबंदुकीचा गरम गोंद जलद लागतो हे खरे, पण त्याचे गोळे चकतीखाली राहून ओळ उचलली जाते.

चकत्या रंगवण्याचे काम लावण्यापूर्वी करावे. एका जुन्या डब्यात पातळ केलेला तपकिरी-करडा स्टेन घेऊन मूठ-मूठ चकत्या बुडवाव्यात आणि वर्तमानपत्रावर पसरून दोन दिवस वाळू द्याव्यात. काही चकत्या गडद होतील, काही फिक्या; हा दोष नाही, उलट हीच छपराची शोभा आहे. फक्त लावताना वेगवेगळ्या खेपांतील चकत्या मिसळून घ्याव्यात, नाहीतर छपरावर ठिगळे दिसतात.

बाहुलीघराच्या चकत्या साधारणतः दीड इंच लांब आणि पाऊण इंच रुंद असतात, आणि त्यांचा एक इंच भाग उघडा ठेवण्याची रीत आहे. खऱ्या प्रमाणाच्या हिशेबात ही ओळ मोठीच आहे, कारण सोळा इंची खऱ्या चकतीचा जेमतेम ५ इंच भाग उघडा ठेवतात. पण तेवढ्या बारीक चकत्या लावण्याचा संयम माझ्यात नाही आणि डोळाही ही तडजोड मान्य करतो. किती चकत्या लागतील याचा अंदाज असा: प्रत्येक चकती सुमारे पावणेपाच चौरस सेंटिमीटर जागा झाकते. ६० बाय ३० सेंटिमीटरची दोन पाखी असतील तर ३६०० चौरस सेंटिमीटरसाठी सुमारे ७६० चकत्या, आणि फुटक्या-तुटक्यांसाठी त्यावर दहा टक्के. मोजून पाहा, आणि कमी असतील तर काम सुरू करण्यापूर्वीच मागवा, कारण अर्ध्यावर नव्या खेपेचा रंग जुळणे अवघड असते.

वळचणीची पहिली ओळ दुहेरी लावावी. दुसरी ओळ अर्ध्या चकतीने सुरू करावी, म्हणजे वरच्या ओळीचा सांधा खालच्या चकतीच्या मध्यावर येतो. गवंडी विटांच्या कामात ज्याला सांधमोड म्हणतो, तीच ही. सांध्यावर सांधा आला, तर पाणी थेट खाली. दोन पाखी जेथे आत वळून मिळतात त्या खोलगट जागी, आणि धुराड्याच्या पायाशी, चकत्यांखाली धातूची पन्हळ असायला हवी. गोळ्यांच्या पाकिटामागची चंदेरी फॉइल कापून, मळकट करड्या रंगाचा एक हात देऊन लावली, की ती हुबेहूब जस्ताच्या पत्र्यासारखी दिसते. आढ्यावरच्या चकत्या सर्वांत शेवटी, दोन्ही बाजूंनी एकमेकींवर चढवून.

आता छापील विटांच्या कागदाविषयी. तो भिंतीच्या मध्यावर बरा दिसतो, पण कोपऱ्यावर उघडा पडतो: खऱ्या कोपऱ्यावर एका बाजूला विटेची लांबी आणि दुसऱ्या बाजूला तिचेच टोक दिसते, कागदावर मात्र वीट कोपऱ्यापाशी मध्येच कापली जाते. विटा हव्याच असतील तर त्या धुराड्यापुरत्या आणि जोत्यापुरत्या ठेवाव्यात आणि हाताने कराव्यात. जुन्या अमेरिकन विटेचे दर्शनी माप सुमारे ८ बाय सव्वादोन इंच असते. म्हणजे आपली वीट १७ बाय ५ मिलिमीटर. आधी विटांमधल्या दरजांच्या (सांध्यांच्या) रंगाचा, म्हणजे फिकट करड्याचा, हात द्यावा; वाळल्यावर मास्किंग टेपच्या एक मिलिमीटरच्या चिंधोट्या जाळीसारख्या लावाव्यात, वरून वीटरंगी केलेली भिंतीची पुट्टी सपाट पसरावी आणि ती ओली असतानाच टेप ओढून काढावा. दगडी जोत्यासाठी अंड्यांचा कागदी लगद्याचा ट्रे तुकडे करून वापरावा. त्याचा खडबडीतपणा दगडासारखाच असतो. लाकडाला दगडाचे रूप देण्यात कमीपणा मुळीच नाही. नवी दिल्लीची आखणी करणाऱ्या एडविन ल्युटेन्स यांनी १९२१ ते १९२४ या काळात उभारलेले, आज विंडसरच्या राजवाड्यात असलेले क्वीन मेरीचे बाहुलीघरही १:१२ प्रमाणाचेच आहे, आणि त्याचे दगडी भासणारे बाह्य कवच लाकडाचेच असून ते सबंध वर उचलले जाते.

रंग निवडताना एवढेच पाहावे की तो चकाकणारा नसावा. खऱ्या घरावर तेलरंगाची चकाकी शोभते, बाहुलीघरावर तीच चकाकी घर प्लॅस्टिकचे करून टाकते. भिंतीला एक मळकट रंग, चौकटींना व कोपऱ्यांना फिकट, आणि दाराला एखादा गडद. व्हिक्टोरियन घराला तीन रंग पुरतात. दुकानातल्या कार्डावर आवडलेल्या रंगात थोडा करडा मिसळावा, कारण छोट्या घरावर तोच रंग भडक दिसतो. सर्व वाळल्यावर तपकिरी रंग दहापट पाण्यात पातळ करून बारीक ब्रशने खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यांतून ओघळल्यासारखा, जोत्याजवळ उडालेल्या चिखलासारखा आणि धुराड्याच्या खाली छपरावर एखाद्या पट्ट्यासारखा लावावा, आणि कापडाने लगेच अर्धा पुसून टाकावा. कोठे लावावा हे ठरवताना पुन्हा तोच पावसाचा प्रश्न उपयोगी पडतो. वळचणीखालची भिंत कोरडी राहते, तेथे डाग नकोत.

ओसरीचा कठडा, पायऱ्या आणि आढ्यावरची नक्षी या वस्तू वेगळ्या रंगवून अगदी शेवटी बसवाव्यात. छपरावर काम करताना कोपर नेमका कठड्यावरच टेकतो. माझा तो दोनदा मोडला आहे.