लंडनहून एका दिवसात लॅव्हनम बघून होतं का? आधी चर्च बघावं की गाव?

हो, एका दिवसात आरामात होतं, आणि सुरुवात चर्चपासूनच करा. इंग्लंडच्या सफक परगण्यातलं हे गाव निळ्या लोकरी कापडावर गबर झालं होतं, आणि तो पैसा कुठे गेला ते सेंट पीटर अँड सेंट पॉल चर्चच्या सुमारे ४३ मीटर उंच मनोऱ्यावर कोरलेलंच आहे: ऑक्सफर्डचे अर्ल द व्हीअर यांचा तारा आणि कापडव्यापारी स्प्रिंग घराण्याची चिन्हं. सरदार आणि व्यापारी एकाच भिंतीवर! आत स्प्रिंग यांच्या कबरीभोवतीची कोरीव लाकडी जाळी अजिबात चुकवू नका. मग बाजारचौकात या. तिथला गिल्डहॉल, म्हणजे जुन्या संघाचं सभागृह, साधारण १५३० चा. पुढे कापडाचा धंदा बसला, नवी घरं बांधायला पैसा उरला नाही, म्हणूनच ही कललेली लाकडी घरं टिकली.

लॅव्हनमला रेल्वे नाही. लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनहून निघा, मार्क्स टे स्टेशनवर गाडी बदलून सडबरी, तिथून बस. मात्र रविवार टाळा: सकाळी चर्चमध्ये प्रार्थना असते आणि बसचा भरवसा नसतो.