कोरिया शिकायचाय, पण कुठल्या डिपार्टमेंटमधून?

या वेळी कोरियावर इतके प्रश्न आलेत की बाकीचे सगळे पुढच्या अंकात ढकलले. चार निवडलेत. सीरियलमधल्या हिरोंबद्दलचे प्रश्न माझ्या भाचीकडे पाठवलेत, मला त्यातलं काही कळत नाही.

प्रश्न : ताई, मी नाशिकला एमए सोशिऑलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. कोरियन शिकतेय, टॉपिक या कोरियन भाषेच्या परीक्षेची चौथी लेव्हल झालीय. कोरियन लोकांच्या स्थलांतरावर पीएचडी करायचीय. पण आमचे सर म्हणतात हा भाषेचा विषय, भाषेच्या मॅडम म्हणतात हा इतिहासाचा, आणि घरी सगळ्यांना वाटतं की मी के-ड्रामा बघून वेडी झालेय. काय करू?

उत्तर : अगं, ड्रामा बघून आलीस तर आलीस, त्यात लाज कसली. माणसं याहून फालतू कारणांनी पीएचडीला येतात. आणि तुझे सर आणि मॅडम दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, म्हणून तर हा विषय कुठल्याच एका खोलीत मावत नाही.

एकच केस घेऊन बघ. १८६० च्या दशकापासून कोरियाच्या ईशान्येकडून, म्हणजे हामग्योंग प्रांतातून, दुष्काळाला आणि जमीन नसण्याला कंटाळून लोक नदी ओलांडून रशियाच्या हद्दीत जायला लागले, तिथे शेती केली, शाळा काढल्या, व्लादिवोस्तोकला स्वतःचं वर्तमानपत्र आणि थिएटर उभं केलं. मग ऑगस्ट १९३७ मध्ये स्टालिन सरकारचा हुकूम निघाला, कारण काय तर हे लोक जपानसाठी हेरगिरी करतील, आणि काही आठवड्यांत साधारण १ लाख ७२ हजार कोरियन माणसं रेल्वेच्या डब्यांत कोंबून कझाकस्तान आणि उझबेकिस्तानात नेऊन टाकली. त्यांना कोर्यो-सारम म्हणतात.

आता हे तू एका डिपार्टमेंटमधून अभ्यासून दाखव. हुकूम, गाड्यांचे आकडे, अधिकाऱ्यांची पत्रं, हे सगळं रशियन आर्काइव्हमध्ये आहे, म्हणजे इतिहासवाला हवा आणि त्याला रशियन हवी. पण त्या कागदांत सरकार बोलतं, गाडीतली बाई बोलत नाही. तिच्या नातवंडांना भेटायला कझाकस्तानातल्या अल्माटीला गेलीस तर तुझी चौथी लेव्हल तिथे लंगडी पडेल, कारण म्हाताऱ्या माणसांची कोरियन हामग्योंगकडची जुनी बोली आहे, सोलची नाही, आणि तरुण सरळ रशियन बोलतात. या बोलीवर कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या रॉस किंग यांनी बरंच काम केलंय, आणि इतिहासाच्या बाजूने अल्माटीचे गेर्मान किम. दोघांचं वाच, आणि आलटून पालटून वाच.

मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती कांद्याची. सोव्हिएत काळात कोर्यो-सारम लोकांच्या टोळ्या वसंतात घर सोडून निघायच्या, दुसऱ्या रिपब्लिकमध्ये, पार युक्रेनपर्यंत, सामुदायिक शेताची जमीन कराराने घ्यायच्या, तिथे कांदा-कलिंगड पिकवायच्या, ठरलेला वाटा शेताला द्यायचा, उरलेलं विकून पैसे करायचे आणि थंडीत परत यायचं. याला कोबोंजी म्हणतात. कायद्याच्या धड आत नाही धड बाहेर नाही असा हा कारभार, त्यामुळे सरकारी आकड्यांत तो जवळजवळ दिसतच नाही. म्हणजे नुसत्या आकड्यांवर बसलेल्या अर्थशास्त्रवाल्याला तो सापडणार नाही, आणि नुसत्या आठवणी गोळा करणाऱ्याला त्याच्यातलं पैशाचं गणित नीट मांडता येणार नाही. दोघं एका टेबलावर बसले तरच काहीतरी हाती लागतं.

आणि हे सगळं जुनं झालं म्हणून सोडून देऊ नकोस. १९९९ मध्ये दक्षिण कोरियाने परदेशातल्या कोरियन लोकांसाठी कायदा केला, पण तो असा लिहिला की १९४८ मध्ये सरकार स्थापन व्हायच्या आधी देश सोडलेले, म्हणजे नेमके चीनमधले आणि सोव्हिएतमधले, बाहेर राहिले. अमेरिकेतले श्रीमंत नातेवाईक आत, गरीब नातेवाईक बाहेर, असाच त्याचा अर्थ झाला. २००१ मध्ये तिथल्या घटनात्मक कोर्टाने हे चुकीचं ठरवलं, २००४ मध्ये कायदा बदलला, २००७ पासून कामासाठी वेगळा व्हिसा आला. आज ग्वांगजू आणि आनसान शहरांत कोर्यो-सारम वस्त्या आहेत, तिथल्या शाळेत येणारं पोर दिसायला कोरियन, बोलायला रशियन. त्याच्यावर काम करायला शिक्षणशास्त्रवालाही लागतो आणि कायद्यावालाही.

तर तू आधी प्रश्न ठरव, मग त्याचे कागद आणि माणसं कुठल्या भाषेत आहेत ते बघ, डिपार्टमेंट सगळ्यात शेवटी. मध्य आशिया घेतलंस तर रशियन शिकावीच लागेल, त्याला शॉर्टकट नाही. ओसाकातले कोरियन घेतलेस तर जपानी, चीनमधला कोरियन वस्तीचा यानब्यान भाग घेतलास तर चिनी.

पण मला विचारशील तर तू वेगळंच कर. तुला हिंदी येतं. २००४ पासून कोरियात परवाना पद्धतीने परदेशी कामगार येतात, त्यात नेपाळ, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका हे सगळे आहेत. आनसानच्या कारखान्यातल्या नेपाळी पोराशी तू दुभाष्याशिवाय गप्पा मारू शकतेस, हे सोलच्या प्रोफेसरलाही जमत नाही आणि बर्लिनच्याही नाही. आपल्याकडचे बहुतेक विद्यार्थी पॉप म्युझिकवर थिसिस लिहायला धावतात आणि हातात असलेली ही चावी खिशातच ठेवतात.

प्रश्न : इंटरडिसिप्लिनरी हा शब्द हल्ली प्रत्येक प्रपोजलमध्ये असतो. फंड मिळवायला लिहितात आणि मग प्रत्येकजण आपापलं चॅप्टर लिहून मोकळा होतो, हे मी पुण्यात डोळ्यांनी बघितलंय. प्रत्यक्षात काही होतं का?

उत्तर : बऱ्याचदा नाही होत, तुमचं खरंय. पाच जणांनी पाच चॅप्टर लिहून एका बाइंडिंगमध्ये घातले की झालं, असं सर्रास चालतं.

पण जिथे गरजच पडते तिथे होतं. कोरियातून परदेशात दत्तक गेलेल्या मुलांचं बघा. कोरियन युद्धानंतर साधारण दोन लाख मुलं अमेरिका-युरोपात गेली. इतिहासवाला एजन्सीची फाइल उघडतो, तिथे लिहिलेलं असतं अनाथ. समाजकार्यवाला सांगतो की थांबा, त्या काळात फाइल कशी भरायचे ते आधी बघा, अनाथ लिहिलं की कागद पटकन पुढे सरकायचा. मग मोठी झालेली दत्तक मुलं डीएनए टेस्ट करतात आणि जिवंत आईच सापडते. आता कायद्यावाल्याला विचारावं लागतं की मग या माणसाचं नाव, जन्मतारीख, नागरिकत्व याचं काय. मार्च २०२५ मध्ये दक्षिण कोरियाच्या सत्य आणि समेट आयोगाने स्पष्ट म्हटलं की या प्रकारात कागदपत्रांची फेरफार झाली आणि मानवी हक्कांचं उल्लंघन झालं. इथे एकट्याचं कुणाचंच चालत नाही, आणि यातले कितीतरी संशोधक स्वतःच दत्तक गेलेले आहेत, ते काही चॅप्टर लिहून मोकळे होणार नाहीत.

दुसरं, एकत्र बसल्यावर असं काहीतरी दिसतं जे सुटं सुटं दिसत नाही. २००५ च्या आसपास दक्षिण कोरियात दर दहा लग्नांत एकाहून जास्त लग्नं परदेशी जोडीदाराशी व्हायची, गावातल्या शेतकऱ्यांना बायका मिळेनात म्हणून व्हिएतनाम, चीनहून मुली यायच्या. त्यांच्यासाठी २००८ मध्ये बहुसांस्कृतिक कुटुंबांचा कायदा आला, भाषेचे क्लास, सल्ला केंद्रं, सगळं. त्याच वेळी कारखान्यात आलेल्या परदेशी कामगाराला बायकामुलं आणायला परवानगी नाही. लग्नावर काम करणारे पहिलं लिहितात, मजुरीवर काम करणारे दुसरं. दोन्ही शेजारी ठेवलं की कळतं, एकीला घरात घ्यायचंय आणि दुसऱ्याला काम झालं की परत पाठवायचंय, आणि दोन्ही एकाच देशाच्या म्हातारं होत जाण्यातून आलंय.

प्रश्न : मी साताऱ्याचा, वय ७६. माझे चुलते १९५३-५४ ला फौजेतून कोरियाला गेले होते, लढायला नाही तर कैदी सांभाळायला, असं घरात सांगायचे. त्यांच्या ट्रंकेत फोटो आणि पत्रं आहेत. त्याचा या अभ्यासाला काही उपयोग आहे का, की रद्दीत द्यावं?

उत्तर : काका, रद्दीत अजिबात देऊ नका!

युद्ध थांबलं तेव्हा बावीस हजारांहून जास्त उत्तर कोरियन आणि चिनी कैदी आपल्या देशात परत जायला तयार नव्हते. त्यांचं काय करायचं ते बघायला तटस्थ देशांचा आयोग नेमला, अध्यक्ष आपले जनरल थिमय्या. आणि हे कैदी सांभाळायला साधारण सहा हजारांची भारतीय फौज गेली, तिचे प्रमुख मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, आपल्या कोल्हापूरकडचे. कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला ओलीस धरलं तेव्हा थोरात स्वतः हत्याराशिवाय आत गेले होते. तुमचे चुलते बहुधा याच फौजेत असणार.

शेवटी ८८ कैदी असे उरले की ज्यांना ना उत्तर ना दक्षिण ना चीन ना तैवान. ते १९५४ मध्ये भारतीय फौजेबरोबर मद्रासला उतरले, दिल्लीत राहिले, मग बरेचसे ब्राझीलला गेले, काही अर्जेंटिनाला, मोजके इथेच राहिले. कोरियन स्थलांतराच्या इतिहासात हे पान छोटं आहे पण त्याचे कागद दिल्लीत इंग्रजीत, ब्राझीलमध्ये पोर्तुगीजमध्ये, आणि कॅम्पमधल्या रोजच्या जगण्याचं वर्णन कदाचित तुमच्या ट्रंकेत मराठीत. सरकारी फाइलमध्ये कैद्यांची संख्या मिळते, ते पहारेकऱ्यांशी खाणाखुणांनी काय बोलायचे ते मिळत नाही.

काय करा, फोटोच्या मागे काही लिहिलं असेल तर तेही स्कॅन करा, पुढून-मागून दोन्ही. पत्रं लॅमिनेट करू नका, कागद खराब होतो. घरात कुणाला चुलत्यांच्या गोष्टी आठवत असतील तर मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. आणि कुणी अभ्यासक मागायला आला तर कॉपी द्या, मूळ घरातच राहू दे.

प्रश्न : मुलगी कोरियन स्टडीज म्हणतेय. खर्च किती, नोकरी कुठे? आणि एक एजंट म्हणतोय, पैसे भरा, तुमच्या मुलाला पण कोरियाच्या फॅक्टरीत परवाना पद्धतीने लावून देतो. विश्वास ठेवावा का?

उत्तर : एजंटचं आधी. नको. ही पद्धत कोरियाने ज्या देशांशी सरकारी करार केलेत त्यांच्यासाठीच आहे आणि त्यात भारत नाही. एक रुपया देऊ नका, दिला असेल तर पावती मागा आणि पोलिसांत जा.

मुलीचं : ग्लोबल कोरिया स्कॉलरशिपमधून तिकडची फी, राहण्याचा भत्ता आणि सुरुवातीचं भाषेचं वर्ष मिळतं, अर्ज दूतावासातून किंवा थेट विद्यापीठातून करता येतो. सोलजवळ सोंगनामला अकॅडमी ऑफ कोरियन स्टडीज आहे, १९७८ पासूनची, तिची स्वतःची ग्रॅज्युएट स्कूल आहे. इथे भारतात जेएनयूमध्ये कोरियनचं स्वतंत्र केंद्र आहे. नोकरीचं खरं सांगायचं तर प्रोफेसरच्या जागा फार थोड्या, आणि रांजणगाव-तळेगावकडच्या कोरियन कंपन्यांना दुभाषी लागतात, पीएचडी नाही. तेव्हा भाषा पक्की करायला सांगा म्हणजे थिसिस लांबला तरी पोट चालेल. आणि हो, त्याच कंपन्यांसाठी पुण्यात येऊन राहिलेली कोरियन कुटुंबं आहेत, तीही स्थलांतरितच. सोलचं विमान पकडायच्या आधी त्यांच्यातल्या दोन-चार जणांशी बोलून घ्यायला तिला सांगा.