अमेरिकेत शिक्षा भोगून सुटलेल्या माणसाला पुन्हा मतदान करता येतं का?

राज्य कुठलं त्यावर आहे. मेन आणि व्हरमाँटमध्ये तुरुंगात बसूनही मत देता येतं. तुम्ही मात्र फ्लोरिडाबद्दल विचारलंय की २०१८ साली लोकांनीच हक्क परत दिला, मग अजून वाद कसला? मी फ्लोरिडातल्या टँपा शहराजवळ राहतो, त्यामुळे हा वाद जवळून पाहतोय.

२०१८च्या घटनादुरुस्तीला साधारण ६४ टक्के मतं पडली, ६० लागतात. खून आणि लैंगिक गुन्हे वगळता, ज्यांनी ‘शिक्षेच्या सर्व अटी’ पूर्ण केल्या त्यांना मतदानाचा हक्क आपोआप मिळणार होता. अंदाजे १४ लाख माणसं. त्याआधी गव्हर्नरच्या मंडळापुढे हात जोडावे लागत, तेही निदान पाच वर्षं थांबून.

पाचर बसली ती ‘सर्व अटी’ या दोन शब्दांत. २०१९मध्ये विधिमंडळाने कायदा केला, की निकालात लावलेला दंड, भरपाई आणि कोर्टाचा खर्चही यात आला. २०२०च्या मे महिन्यात फेडरल न्यायाधीशाने त्यातला बराच भाग उडवला, सप्टेंबरात अपील कोर्टाने ६ विरुद्ध ४ मतांनी कायदा उचलून धरला.

पैसे फेडा, मग मत द्या, हे एकवेळ मान्य करू (मला ते पटत नाही, पण असो). पण बाकी किती, हे सांगणार कोण? फ्लोरिडात काउंट्या (जिल्हे) ६७, आणि प्रत्येक ठिकाणच्या कोर्ट क्लार्कचं दप्तर वेगळं. वसुली खाजगी एजन्सीकडे गेली की ती वर ४० टक्क्यांपर्यंत स्वतःचा आकार लावू शकते. तो आकार मतदानासाठी धरत नाहीत. म्हणजे मूळ दंड किती होता आणि आजवर एकूण किती भरले, हेही शोधायचं. वीस वर्षांपूर्वीच्या खटल्यात हा हिशोब लावून दाखवा.

आणि नोंदणी अर्जावर सही करताना लिहून द्यायचं असतं, की मला गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेली नाही, किंवा झाली असली तरी हक्क परत मिळालेला आहे. जाणूनबुजून खोटं लिहिलं तर तो नवा गुन्हा. २०२२च्या ऑगस्टमध्ये, हक्क नसताना मतदान केल्याबद्दल २० जणांवर कारवाई जाहीर झाली. खून किंवा लैंगिक गुन्ह्यांमुळे ते अपात्रच होते, पण त्यांतल्या अनेकांच्या हातात मतदार कार्ड सरकारनेच दिलेलं! टँपातल्या अटकांच्या व्हिडिओत पोलीसच ओशाळलेले दिसतात. त्यानंतर पात्र माणसंही बिचकत असतील तर त्यांना दोष कसा द्यायचा?

आपल्याकडे भारतात गणित वेगळं. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६२(५)नुसार आत असेपर्यंत मत नाही, मग तो कच्चा कैदी का असेना. बाहेर आला की मत देता येतं, दंडाची पावती कोणी मागत नाही.

तुमच्या ओळखीचं कोणी फ्लोरिडात या फेऱ्यात असेल, तर आधी राज्याच्या निवडणूक विभागाकडून लेखी अभिप्राय मागवायला सांगा. तोंडी ‘चालेल’वर सही करू नये.